आधी मागच्या सीटवर बसा

प्रश्न

नमस्कार ताई,

गेले दोन महिने मी दोन गाड्यांमध्ये अडकून पडलो आहे. टोयोटा रॅव्ह-फोर आणि होंडा सीआर-व्ही. दोन्ही २०२३ सालच्या, दोन्ही हायब्रिड, दोन्ही ऑल व्हील ड्राइव्ह, दोन्ही एकेका मालकाने वापरलेल्या. रॅव्ह-फोर ३८ हजार किलोमीटर चालली आहे, सीआर-व्ही ४१ हजार. दोघांची मागणीही जवळपास सारखीच आहे.

घरात आम्ही पाच जण. मी सहा फूट, बायको पाच फूट. मुलगी बारा वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. आईच्या उजव्या गुडघ्याची सांधेरोपण शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली, ती घडीचा वॉकर घेऊन चालते. गाडी रोज बायको चालवणार. शाळा, ऑफिस मिळून दहा-बारा किलोमीटर. महिन्यातून एकदा सगळ्यांना घेऊन तीनशे किलोमीटरचा प्रवास असतो, तेव्हा स्टिअरिंगवर मी.

मी ४२ मुद्द्यांचा तक्ता केला आणि प्रत्येक मुद्द्याला गुण दिले. रॅव्ह-फोरला १६७ मिळाले, सीआर-व्हीला १६५. दोन गुणांवर एवढा मोठा निर्णय घ्यायला मन धजत नाही. शिवाय सीआर-व्हीच्या ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतं असं ऐकलं. दोन्ही गाड्यांच्या माहितीपत्रकात गिअरबॉक्सपुढे ‘ई-सीव्हीटी’ लिहिलं आहे, त्याचा पट्टा तुटतो असंही एक जण म्हणाला. तक्ता सोबत जोडला आहे. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं?

उत्तर

तुमचा तक्ता मी ओळ न ओळ वाचला. मेहनत केली आहे तुम्ही. स्पीकर किती, स्क्रीन किती इंचांचा, शून्यावरून शंभरला जायला किती सेकंद, डिकी किती लिटरची, सगळं आहे त्यात. तुमच्या पत्रात आई आहेत, त्यांचा गुडघा आहे, वॉकर आहे, पाच फुटांची बायको आहे. तक्त्यात यातलं काहीच नाही. ४२ ओळींत एकही ओळ माणसाची नाही, म्हणून तो १६७ आणि १६५ वर येऊन थांबला. या दोन गाड्या गाडी म्हणून तोलल्या तर तराजू बरोबरीतच राहणार. फरक पडतो तो त्यात कोण बसणार याने.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण यात मी स्वतः चुकले आहे. माझी वीसहून जास्त वर्षं वर्कशॉपमध्ये गेली. गाडीचा आवाज ऐकून बेअरिंग पुढचं गेलंय की मागचं हे सांगणारी मी, आईसाठी म्हणून गाडी घेतली आणि आईलाच एकदाही मागच्या सीटवर बसवून बघितलं नाही. गाडी उंच होती, ‘चढायला-उतरायला सोपी’ असं सगळे म्हणत होते. घरी आणल्यावर आई पहिल्या महिन्यात तीन वेळा बसली. नंतर कुठे जायचं म्हटलं की म्हणायची, ‘तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी.’ मला वाटलं, वयामुळे कंटाळा येत असेल. आठ-नऊ महिन्यांनी एका लग्नाला निघताना मी तिच्या बाजूला उभी होते, तेव्हा डोळे उघडले. दार पुरेसं उघडत नव्हतं. उंबऱ्यासारखी खालची पट्टी इतकी रुंद होती की पाय आत घेताना तिला गुडघा वाकवून वर पिळावा लागायचा. तिचा चेहरा त्या क्षणी मी पाहिला. तिने तोंडातून ब्रही काढला नव्हता, आणि मी इतके महिने रोज त्या गाडीत बसून कामावर जात होते. ती गाडी मी विकली. पण ते आठ-नऊ महिने तिला परत देता आले नाहीत.

म्हणून तुमच्यासाठी पहिलं काम हे. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, लागोपाठ बघा. आईंना, वॉकरला, मुलाच्या चाइल्ड सीटला, सगळ्यांना घेऊन जा. सोबत एक मोजपट्टी ठेवा.

सांधेरोपणानंतर गाडीत बसायची रीत फिजिओथेरपिस्टने शिकवली असेलच. आधी पाठ सीटकडे करायची, मागे सरकत पायाच्या मागच्या बाजूला सीटची कड लागू द्यायची, मग टेकायचं, आणि शेवटी दोन्ही पाय एकदम फिरवून आत घ्यायचे. या रीतीला तीन गोष्टी लागतात. सीटची बैठक जमिनीपासून आईंच्या गुडघ्याच्या मागच्या खळगीइतकी किंवा किंचित वर असावी. खाली असेल तर उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो, फार वर असेल तर टेकताना घसरायला होतं. खालची पट्टी अरुंद असावी. आणि दार मोकळं उघडायला हवं, कारण पाय फिरवताना दाराचा कोपरा आड आला की गुडघा पिळला जातो. आईंची उंची मला माहीत नाही, त्यामुळे आकडा मी सांगणार नाही. त्यांना घरच्या ज्या खुर्चीवरून आधाराशिवाय उठता येतं तिची उंची मोजून घ्या आणि तोच आकडा दोन्ही गाड्यांत शोधा.

इथे सीआर-व्हीला एक सरळ फायदा आहे. तिची मागची दारं जवळजवळ ९० अंशांत उघडतात, म्हणजे गाडीला काटकोनात उभी राहतात. रॅव्ह-फोरची दारं चांगली उघडतात, पण इतकी नाही. मागच्या सीटवर पाय ठेवायच्या जागेतही फरक आहे: अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या मापांनुसार सीआर-व्हीत ४१ इंच, रॅव्ह-फोरमध्ये ३७.८ इंच. तीन इंच कागदावर किरकोळ दिसतात. ताठ गुडघा घेऊन तीनशे किलोमीटर बसणाऱ्याला विचारा, मधूनमधून पाय लांब करता येणं म्हणजे काय असतं ते. आणि सहा फुटांचे तुम्ही पुढची सीट मागे सारली की त्या तीन इंचांची गरज आणखी वाढते.

दवाखान्यात जाताना, जेव्हा गाडीत दोघीच असतील, तेव्हा आईंना पुढेच बसवा. पुढची सीट मागे सरकते, दारही मोठं असतं. त्यामुळे तीच कसरत पुढच्या सीटवरही करून बघा. मागे तिघं बसतील तेव्हा मधे कोण हा प्रश्न घरात येईलच. चाइल्ड सीट एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला, मधे मुलगी. चाइल्ड सीट लावल्यावर मधल्या पट्ट्याचं बकल मुलीला स्वतःच्या हाताने लावता येतं का ते तिलाच बसवून बघा. पुष्कळदा ते सीटच्या खाली दबून जातं आणि मग मूल पट्टा न लावताच बसतं.

आता बायको. रोज गाडी चालवणार त्या, आणि तक्त्यात गुण भरलेत तुम्ही. बॉनेटची पुढची कड त्यांना दिसते का? सीट वर घेतल्यावर पाय पेडलवर पूर्ण टेकतो का? काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब वळताना रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला झाकतात का? हे त्यांनीच ठरवायचं. एक माप मात्र माझ्याकडून घ्या: छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत निदान २५ सेंटीमीटर अंतर राहिलं पाहिजे. एअरबॅग फुगते ती डोळ्याचं पातं लवायच्या आत, आणि अगदी चिकटून बसलेल्या माणसाला तीच इजा करू शकते. बुटक्या चालकांना पेडल गाठण्यासाठी पुढे सरकावं लागतं आणि अंतर इथेच कमी पडतं. दोन्ही गाड्यांचं स्टिअरिंग खालीवर आणि पुढेमागे होतं. ते खाली आणि आत घेऊन मोजा. जिच्यात २५ भरणार नाहीत ती गाडी तुमच्या घरची नाही, तक्त्यातल्या ४२ ओळी काहीही म्हणोत.

या दोन्ही गाड्या एवढ्या सारख्या कशा, हेही सांगते. दणकट जीपसारख्या गाड्या वर्षानुवर्षं वेगळ्या चासीवर बांधलेल्या असत. खाली लोखंडी सांगाडा, वर बॉडी. चिखलात उत्तम, रोजच्या रस्त्यावर दणके. जपानमध्ये मे १९९४ मध्ये आलेली पहिली रॅव्ह-फोर कारसारख्या एकसंध बॉडीची होती, तीन दारांची, चार मीटरहूनही आखूड. तिच्या पाठोपाठ ऑक्टोबर १९९५ मध्ये होंडाने सिव्हिकच्या पायावर पाच दारांची सीआर-व्ही आणली. तिच्या डिकीच्या तळाची फळी काढली की पाय उघडून तिचं टेबल व्हायचं, सहलीला पसरायला. मला वर्कशॉपमध्ये ते टेबल पहिल्यांदा दिसलं तेव्हा फार आवडलं होतं. ही गाडी आखणाऱ्याच्या डोळ्यासमोर कुटुंब बसलेलं आहे असं वाटलं. नंतरच्या काळात दोघी एकमेकींकडे बघत वाढल्या. रॅव्ह-फोर लांब झाली, मागच्या दारावरचं चाक गेलं, बाजूला उघडणारं दार चौथ्या पिढीत वर उघडायला लागलं. तुम्ही बघताय त्या पाचव्या पिढीच्या रॅव्ह-फोरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २६९० मिलिमीटर, सहाव्या पिढीच्या सीआर-व्हीचा २७००. एका सेंटीमीटरचा फरक. तुमचा तक्ता बरोबरीत सुटला यात तुमची चूक नाही.

डिकीच्या लिटरवर मात्र तुम्ही गुण दिलेत ते खोडून टाका. कुणी छतापर्यंत मोजतं, कुणी काचेच्या खालच्या कडेपर्यंत, मोजायच्या पद्धतीही दोन-तीन आहेत. तुमचा वॉकर घडी करून आडवा जातो का, आणि तो ठेवल्यावर दोन बॅगा राहतात का, एवढं बघितलं की झालं.

पट्टा तुटण्याची भीती मनातून काढा. साधी सीव्हीटी म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, त्यात दोन कप्प्यांवर फिरणारा धातूचा पट्टा असतो. या दोन्ही हायब्रिड गाड्यांत तो नाहीच, नाव तेवढं उसनं घेतलंय. रॅव्ह-फोरमध्ये २४८७ सीसीचं इंजिन आणि मोटरी प्लॅनेटरी गिअरने जोडलेल्या असतात. मधे एक दातेरी चाक, भोवती फिरणारी छोटी चाकं, बाहेर कडं. इंजिनाची ताकद तिथे वाटली जाते, काही चाकांकडे, काही वीज करायला. टोयोटाने १९९७ च्या प्रियसपासून हीच कल्पना घासूनपुसून वापरली आहे. सीआर-व्हीची रीत वेगळी. तिचं १९९३ सीसीचं इंजिन बहुतेक वेळ जनरेटर फिरवतं आणि चाकं फिरवते ती मोटर. हायवेच्या एकसारख्या वेगात क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. शहरात सीआर-व्हीचा ओढा त्यामुळे विजेच्या गाडीसारखा, सलग वाटतो. दोन्हींत चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन आधी ओरडतं आणि वेग मागून येतो. सवय नसेल तर काहीतरी बिघडलंय असं वाटेल. बिघडलेलं नसतं.

ऑइलमध्ये पेट्रोल मिसळण्याचं तुम्ही ऐकलंत ते खोटं नाही, पण ते दुसऱ्या इंजिनाचं. होंडाच्या १.५ लिटर टर्बो इंजिनाबद्दल २०१७-१८ च्या सुमाराच्या गाड्यांत ही तक्रार गाजली. कडाक्याच्या थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या की इंजिन नीट तापतच नाही, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, आणि तापलं नाही म्हणून उडूनही जात नाही. तुम्ही बघताय त्या हायब्रिडमध्ये २ लिटरचं बिनटर्बोचं इंजिन आहे. तरी यातली एक गोष्ट तुम्हाला लागू आहे, आणि ती दोन्ही गाड्यांना सारखीच: रोज दहा-बारा किलोमीटरच्या तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्या असतील तर ऑइल किलोमीटर मोजून बदलायचं नसतं, तारीख बघून बदलायचं असतं. वर्षाला एकदा, मीटर काहीही दाखवो. महिन्याची तुमची लांबची फेरी इंजिनाला औषधासारखी आहे, ती चुकवू नका.

आता या दोन विशिष्ट गाड्यांकडे वळू. जुनी गाडी घेताना मॉडेल निवडायचं नसतं, समोर उभी आहे ती गाडी निवडायची असते.

रॅव्ह-फोर लिफ्टवर घ्यायला लावा. हिच्या मागच्या चाकांना वेगळी ४० किलोवॉटची मोटर आहे, पुढून मागे जाणारा दांडा नाही, फक्त जाड वीजवाहिनी आहे. या पिढीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या काही गाड्यांत, विशेषतः बर्फासाठी मीठ टाकतात अशा रस्त्यांवर चाललेल्या, मागच्या मोटरपाशी त्या वाहिनीच्या जोडाला गंज धरला होता. दुरुस्ती महागडी असते. म्हणून तो जोड डोळ्यांनी बघायला सांगा. नारिंगी वेष्टणाच्या त्या तारांना हात मात्र प्रशिक्षित माणसानेच लावायचा. दुसरं, हायब्रिड बॅटरी मागच्या सीटखाली आहे आणि तिला हवा घेणारी जाळी तिथेच पायांजवळ आहे. आधीच्या मालकाकडे कुत्रा-मांजर होतं का विचारा. केस आणि धूळ तिथल्या फिल्टरमध्ये गच्च बसतात, बॅटरी तापते, आयुष्य घटतं. फिल्टर काढून बघायला पाच मिनिटं लागतात. तुमच्याकडे आल्यावर मुलांच्या पिशव्या, पांघरुणं त्या जाळीला टेकू देऊ नका.

सीआर-व्हीचा चासी नंबर घ्या आणि कंपनीकडून रिकॉलची तपासणी करून घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने एकट्या अमेरिकेत सुमारे १७ लाख गाड्या स्टिअरिंगच्या दोषासाठी परत बोलावल्या, त्यांत २०२३ ची सीआर-व्हीही होती. स्टिअरिंग गिअरबॉक्समधल्या एका चाकामुळे सरळ रस्त्यावर स्टिअरिंग चिकटल्यासारखं अडायचं. काम मोफत होतं. ते झालं आहे याचा कागद मागा. चालवून बघताना मोकळ्या हायवेवर स्टिअरिंग अगदी थोडं डावी-उजवीकडे हलवून बघा. हात मऊपणे गेला पाहिजे, आधी अडून मग सुटता कामा नये. आणि डिकीचा तळ उचला. या हायब्रिडची बॅटरी डिकीच्या तळाखाली आहे, त्यामुळे स्टेपनीची जागा गेलेली असते आणि पंक्चरवर फक्त सीलंटची बाटली व पंप मिळतो. बाजू फाटलेल्या टायरला त्याचा काहीच उपयोग नाही. तीनशे किलोमीटर जाताना मदत कुठून येणार हे आधी ठरवून ठेवा.

दोन्हींच्या ब्रेक डिस्क बघा. हायब्रिड गाडी वेग कमी करताना मोटरच वीज करत गाडी थोपवते, पॅड फारसे लागत नाहीत. न वापरल्याने डिस्क गंजते, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना अडकतात. ‘पॅड अजून नव्यासारखे आहेत’ असं विकणारा अभिमानाने सांगेल, तेव्हा पिना सुटसुटीत सरकतात का ते विचारा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२२ म्हणजे २०२२ चा २३ वा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच झिजेचे हवेत. सीआर-व्हीत तर जास्तच, कारण तिच्यात पुढची-मागची चाकं दांड्याने जोडली जातात आणि असमान टायरचा ताण त्या जोडणीवर येतो.

चालवून बघायला सकाळी जा आणि इंजिन थंड हवं असं आधीच कळवा. गरम करून ठेवलेली गाडी बरंच काही लपवते. रेडिओ बंद. निदान पाऊण तास. निम्मा वेळ बायको चालवतील आणि तुम्ही मागे बसाल. मागे बसल्यावर खड्ड्यात काय होतं हे तुम्हाला कळलं पाहिजे, कारण आई तिथे बसणार आहेत आणि त्या तुम्हाला सांगणार नाहीत.

माझं मत विचारलंत, तर तुमच्या घरासाठी सीआर-व्ही. काटकोनात उघडणारं दार आणि मागचे ते तीन इंच या दोन गोष्टींसाठी. तुम्ही दोघंच असतात, गाडी कच्च्या रस्त्यांवर जास्त जाणार असती, किंवा स्टेपनीवाचून तुम्हाला झोप लागत नसती, तर मी रॅव्ह-फोर म्हटलं असतं. तिची यंत्रणा जुनी, पारखलेली आहे आणि मला तिचा भरवसा वाटतो. आणि हेही तितकंच खरं की स्टिअरिंगचं काम झाल्याचा कागद मिळाला नाही, किंवा बायकोला सीआर-व्हीत २५ सेंटीमीटर भरले नाहीत, तर माझं मत बाजूला ठेवा आणि रॅव्ह-फोर आणा. आईंना बसवून बघितल्यावर त्यांचा चेहरा काय म्हणतो ते मला नक्की कळवा.

प्रश्न

ताई, मीही याच दोन गाड्यांत आहे, पण माझा प्रश्न वेगळा. ऑल व्हील ड्राइव्ह घेतली तर पावसात गाडी जास्त सुरक्षित राहते ना? घरच्यांचा आग्रह त्याच कारणासाठी आहे.

उत्तर

घरच्यांची काळजी समजते, पण ऑल व्हील ड्राइव्ह तुम्हाला निघायला मदत करते, थांबायला नाही. चिखलातून, ओल्या चढावरून गाडी सुटते ती चारही चाकांना ओढ मिळाल्यामुळे. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, आणि ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबेल हे ठरवतं टायरचं रबर आणि त्याच्या खाचांची खोली. उलट धोका असा की चार चाकं ओढत असली की निसरड्या रस्त्यावर गाडी घट्ट वाटते, चालकाला रस्ता किती ओला आहे याचा अंदाजच येत नाही, आणि वळणावर वेग जास्त राहतो. उंच गाडीचं वजन वर असतं, ती वळणाला अधिक कलते. स्वीडनमधल्या ‘टेकनिकेन्स व्हर्ल्ड’ या नियतकालिकाने २०१९ मध्ये अचानक आडवं आलेलं जनावर चुकवण्याच्या चाचणीत रॅव्ह-फोर नीट टिकत नसल्याचं दाखवलं होतं, आणि त्यानंतर टोयोटाने तिच्या स्थिरता नियंत्रणात सुधारणा केली. तेव्हा २०१९-२० ची जुनी गाडी बघत असाल तर ते अपडेट झालंय का हे सर्व्हिसवाल्यांकडून लेखी घ्या.

कच्च्या चढाचा रस्ता रोजचा नसेल तर दोन चाकांच्या ओढीची गाडी घ्या. ती हलकी, इंधन थोडं कमी पिते, बिघडायला भागही कमी. वाचलेल्या पैशांतून चांगले टायर घ्या आणि खाचा तीन मिलिमीटरवर आल्या की बदला. कायद्याची मर्यादा बऱ्याच ठिकाणी १.६ मिलिमीटर आहे, पण पाणी बाजूला सारायची ताकद त्याच्या आधीच गेलेली असते.

प्रश्न

माझी उंची सहा फूट दोन इंच. मुलांना काचेच्या छताची गाडी हवी आहे. घेऊ का?

उत्तर

छताची चौकट आणि पडद्याची गुंडाळी डोक्यावरची काही सेंटीमीटर जागा खाते, पुढे आणि मागेही. बिनकाचेच्या छताच्या गाडीत आधी बसा, मग काचेच्या. सीट पूर्ण खाली घेऊन ताठ बसल्यावर डोकं आणि छत यांत तुमची आडवी मूठ मावली पाहिजे. हेल्मेटसारखे वाढलेले केस असतील तर ते दाबून मोजा. मुलांनाही मागे बसवून बघा, ती अजून उंच व्हायची आहेत. आणि छतावर कॅरिअर लावायचा विचार असेल तर त्या मॉडेलचं छतावरचं कमाल वजन मॅन्युअलमध्ये वाचा. काचेच्या आणि साध्या छताचा आकडा काही गाड्यांत वेगळा असतो.